जमीन मोजून झाली, पुढे काय?

सरकार आणि जमीन हा विषय निघाला की गप्पा लगेच भूसंपादनावर जातात. रस्ता, धरण, विमानतळ, कोणाची किती गेली, मोबदला काय मिळाला, कोर्टात कोण गेलं वगैरे. ते महत्त्वाचं आहेच, नाही म्हणत नाही. पण मी बरीच वर्षं नकाशे आणि जमिनीच्या डेटावर काम करतेय आणि त्यातून माझं एक मत पक्कं होत गेलंय, की सरकार जमीन सांभाळतं म्हणजे मुळात दप्तर सांभाळतं. दप्तर ताजं असेल तर बाकीचे कायदे चालतात, करवसुली चालते, भरपाई योग्य माणसाच्या हातात पडते. दप्तर शिळं झालं की कितीही भारी कायदा आणा, घोडं तिथेच पेंड खातं. आणि मजा अशी की दप्तर तयार करायला जगातल्या प्रत्येक राजवटीला प्रचंड हौस असते, ते रोजच्या रोज अपडेट करायला मात्र कोणालाच नसते. नव्याचे नऊ दिवस, पुढे सगळा आनंदी आनंद.

आता सरकारला जमिनीबद्दल ठेवायचं असतं तरी काय? ही कोणाची, कुठपासून कुठपर्यंत, तिच्यावर काय करायची परवानगी आहे आणि कर किती. प्रश्न चारच, पण त्यांची उत्तरं बहुतेक देशांत वेगवेगळ्या ऑफिसांत सापडतात. जर्मनीत मालकीचं रजिस्टर स्थानिक कोर्टाकडे, मोजणी आणि नकाशे राज्यांच्या मोजणी खात्यांकडे, बांधकामाचे आराखडे नगरपालिकेकडे. तरी तिथे निभतं, कारण कोर्टातलं रजिस्टर आणि मोजणीचं रजिस्टर एकमेकांना कळवत राहतात. नेदरलँड्सनी मालकी आणि नकाशा दोन्ही एकाच संस्थेकडे दिलंय, तिचं नाव कादास्टर. स्वीडनचं मोजणी खातं १६२८ सालचं आहे, म्हणजे जवळपास चारशे वर्षांचं, आणि एवढं जुनं असूनही मालकीची नोंद त्याच्याकडे आली ती २००८ मध्ये, तोपर्यंत ती कोर्टांकडेच होती. खाती एकत्र करणं हे बोलायला सोपं, करायला महाकठीण. प्रत्येकाला आपला शिक्का प्यारा असतो.

भारतात दस्त नोंदवायचं एक ऑफिस, महसुली नोंद ठेवायचं दुसरं, मोजणीचं तिसरं. दस्त नोंदणी चालते १९०८ च्या कायद्याखाली, आणि तो कायदा मुळात कागद नोंदवण्याचा आहे, विकणाऱ्याकडे जमीन खरंच आहे का याची हमी देण्याचा नाही. हे लोकांना सांगितलं की धक्का बसतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही कोर्ट मानत नाही, कारण ती नोंद मूळची सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी होती. मालकी ही अशा सगळ्या कागदांवरून काढलेला अंदाज असतो, भरवशाचा असला तरी अंदाजच.

पण ही भानगड एकट्या भारताची नाही, जमिनीच्या दप्तराचा उगमच जगभर बहुतेक करून करवसुलीत आहे. इंग्लंडचा विल्यम राजा, नॉर्मंडीहून येऊन गादी जिंकलेला, त्याने १०८५ च्या नाताळात हुकूम काढला आणि पुढच्याच वर्षी देशभर माणसं फिरली, कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, आधी किंमत काय होती आणि आता काय. त्या काळच्या बखरीत एका भिक्षूने वैतागून लिहून ठेवलंय की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा यांनी सोडलं नाही. तेच डूम्सडे बुक. जबरदस्त काम, आजही संशोधक त्यावर जगतात. पण तो एका वर्षाचा फोटो होता, तेवढाच. पुढच्या वर्षी कोणी मेलं, कोणी विकली, कोणी हिसकावली, याची त्यात भर घालायची सोयच नव्हती.

नेपोलियनची गोष्ट मला जास्त आवडते. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर जमिनीवर समान कर लावायचा ठरला आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या की माझ्यावर जास्त लावला, शेजारच्यावर कमी. आधी शॉर्टकट मारून पाहिला, सगळे तुकडे न मोजता गावात एकेका पिकाखाली एकूण किती क्षेत्र आहे तेवढं मोजायचं. ते फसलं, कारण गावाची बेरीज जुळली तरी त्यातलं कोणाचं किती हा वाद तसाच राहिला. मग १८०७ मध्ये कायदा झाला की प्रत्येक तुकडा मोजायचा, प्रत्येकाला नंबर द्यायचा, मालक लिहायचा, जमिनीचा दर्जा लिहायचा. हे काम चाललं १८५० च्या आसपासपर्यंत, नेपोलियन जाऊनही जमाना झाला होता. नकाशे बघाल तर डोळे निवतात, हाताने रंगवलेले, एकेक बांध, एकेक विहीर. फक्त एक गोष्ट राहिली, हे नकाशे पुढे बदलायचे कसे याची तरतूद. मालकांची यादी बदलत राहिली, नकाशा होता तिथेच. कागदावर जिथे एक शेत तिथे जमिनीवर चार झालेली, रेल्वे गेलेली, गावं वाढलेली. शेवटी १९३० मध्ये कायदा करून पुन्हा नव्याने नकाशे करायला घेतले.

अमेरिकेने उलटं केलं, आधी मोजायचं मग विकायचं. १७८५ च्या ऑर्डिनन्सने ठरलं की जमीन सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत पाडायची, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकर, आणि सोळाव्या नंबरचा भाग शाळेसाठी राखीव. नदी असो डोंगर असो, रेघ सरळ. विमानातून मध्य अमेरिकेवरून जाताना खाली तो बुद्धिबळाचा पट अजून दिसतो, आणि पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना रेघा जवळ यायला लागतात म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेघ मारलेली असते, तिथे सरळ चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडा पुढे जातो आणि परत सरळ. कागदावरचा हिशोब असा थेट गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत पोचतो. अर्थात ही जमीन ‘मोकळी’ आहे हे अमेरिकन सरकारने कागदावर ठरवलं होतं, तिथे राहणाऱ्या मूळ लोकांना विचारून नाही. ऑस्ट्रेलियात तर ही जमीन कोणाचीच नव्हती हे गृहीतक थेट १९९२ पर्यंत टिकलं, मग माबो खटल्यात तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, ते खोडलं आणि पुढच्या वर्षी मूळ रहिवाशांच्या हक्काचा कायदा आला. म्हणजे दप्तरात काय लिहिलंय एवढंच बघून भागत नाही, कोणाला लिहिलंच नाही हेही बघावं लागतं.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर टॉरेन्सबद्दल सांगायला हवं. रॉबर्ट टॉरेन्स हा दक्षिण ऑस्ट्रेलियात कस्टम खात्यात होता, जहाजांची नोंदणी कशी चालते हे त्याने जवळून पाहिलेलं. जहाज विकलं की रजिस्टरमध्ये नाव बदलतं, संपलं. जमिनीच्या बाबतीत मात्र इंग्लिश पद्धतीत पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद वकिलाकडून तपासून घ्यायचे, एक दुवा तुटला की सगळी साखळी संशयात. त्याने १८५८ मध्ये कायदा आणला की रजिस्टरमध्ये जे लिहिलंय तेच मालकीचं सत्य, मागचे कागद उकरायचे नाहीत, आणि रजिस्टरमधल्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर भरपाई फंडातून द्यायची. माझ्या मते यातला खरा दणका शेवटच्या कलमात आहे. कारण चुकीचे पैसे आपल्याला भरावे लागणार म्हटल्यावर खातं आपोआप जागं राहतं. ज्या देशांत नोंद चुकली तर निस्तरायचं नागरिकानेच, वकील त्याचा, तारखा त्याच्या, तिथे ऑफिसला नोंद बरोबर ठेवायची घाई कशाला असेल?

खुद्द इंग्लंडला हे पचायला किती वेळ लागला बघा. लँड रजिस्ट्री स्थापन झाली १८६२ मध्ये, पण विक्री झाली की नोंदणी सक्तीची हा नियम सगळ्या इंग्लंड आणि वेल्सला लागू झाला डिसेंबर १९९० मध्ये. आणि ते रजिस्टर कोणालाही बघता येईल ही सोयही १९९० मध्येच, त्याआधी शेजारची जमीन कोणाची हे मालकाच्या संमतीशिवाय कळत नसे. जी जमीन मोठ्या घराण्यांकडे किंवा संस्थांकडे शतकानुशतकं हललीच नाही, तिच्यातला काही भाग अजूनही रजिस्टरबाहेर आहे. लोकशाहीची जननी वगैरे सगळं ठीक, पण देश कोणाचा आहे याची पूर्ण यादी नाही.

करासाठी दप्तर बनलं म्हणजे निदान कराचं दप्तर तरी ताजं असेल असं वाटतं ना? इथे तर कहर आहे. जर्मनीत जमीन आणि घरांवरचा कर २०२४ पर्यंत कोणत्या किमतींवर लावत होते माहितीये? पश्चिम भागात १९६४ च्या आणि पूर्वेकडे १९३५ च्या. १९३५, म्हणजे हिटलरच्या काळातलं मूल्यांकन. कायद्यात लिहिलेलं होतं की दर सहा वर्षांनी मूल्यांकन करायचं, पण काम अवाढव्य, खर्च मोठा, आणि कोणाचा तरी कर वाढणार म्हणून राजकारणीही गप्प. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने सांगितलं की शेजारी शेजारी असलेल्या सारख्याच दोन घरांना वेगळा कर हे समानतेत बसत नाही, मुदतीत सुधारा. मग २०२२ मध्ये सुमारे साडेतीन कोटी मालमत्तांच्या मालकांना घरबसल्या फॉर्म भरायला लावले, सरकारी पोर्टल पहिल्या महिन्यातच बसलं (हे वाचून मला फार बरं वाटलं, जर्मनीतही पोर्टल बसतं), आणि नवा कर जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

इंग्लंडमध्ये घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, अजूनही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर चालतो. मग आज बांधलेल्या नव्या घराचं काय? तर हे घर १९९१ मध्ये असतं तर किती किमतीला गेलं असतं, असा हिशोब करून त्याला गटात बसवतात. एक माणूस पगार घेऊन हे ठरवतो. एस्टोनिया त्यातल्या त्यात शहाणा देश, तिथे कर फक्त जमिनीच्या किमतीवर आहे, घरावर नाही, अर्थशास्त्रवाले या पद्धतीवर खूश असतात कारण घर नीट बांधलं म्हणून माणसाला शिक्षा होत नाही आणि मोक्याची जागा रिकामी अडवून ठेवली तर खिशाला लागतं. पण तिथेही देशभरचं मूल्यांकन २००१ नंतर थेट २०२२ मध्ये झालं. एवढा डिजिटल देश, तरी वीस वर्षं जुन्याच किमतीवर भागवलं. मला यात तंत्रज्ञानाचा काही प्रश्न दिसत नाही. किंमत अपडेट केली की ज्याचा कर वाढतो तो ओरडतो आणि ज्याचा कमी होतो तो गप्प बसतो, मग कुठलं सरकार स्वतःहून हात घालेल?

वापरावरच्या नियंत्रणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण यावर लोक आधीच खूप बोलतात. न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग उभी राहिली, अख्खा प्लॉट व्यापून सरळ वर गेलेली, आजूबाजूच्या रस्त्यांवर आणि बिल्डिंगांवर सावली पडली, आणि १९१६ मध्ये शहराने झोनिंग आणलं, म्हणजे कुठल्या भागात काय आणि कसं बांधायचं याचे नियम. १९२६ मध्ये युक्लिड नावाच्या छोट्या गावाच्या खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं आणि मग देशभर लाट आली. तिथे झोनिंग प्रत्येक गावाच्या हातात, त्यामुळे आहे त्या घरमालकांना नवे शेजारी नको असतील तर ते नियम तसेच करून घेतात. जपानमध्ये झोनचे प्रकार राष्ट्रीय कायद्याने ठरलेत, एकूण १३, शहराने त्यातून निवडायचं, आणि बहुतेक झोनमध्ये घर बांधता येतंच, अगदी जड उद्योगांसाठी राखलेला झोन सोडला तर. ब्रिटनने १९४७ मध्ये सगळ्यात धाडसी गोष्ट केली, जमीन तुमचीच पण ती विकसित करायचा हक्क सरकारचा, परवानगी मिळाली आणि किंमत वाढली तर ती वाढ शंभर टक्के सरकारजमा. परिणाम असा झाला की जमीन विकण्यात कोणाला काही फायदाच उरला नाही आणि काही वर्षांत सरकार बदलल्यावर ही शंभर टक्के वसुली गेली. परवानगीची अट मात्र राहिली, आजतागायत आहे. म्हणून तिथे शेतजमिनीला निवासी परवानगी मिळाली की रात्रीत किंमत कित्येक पट होते आणि तो सगळा फायदा बहुतांशी मालकाच्या खिशात. चीनने शेतजमिनीला लाल रेषाच आखलीय, १८० कोटी मू (हे तिथलं जमीन मोजायचं माप), म्हणजे १२ कोटी हेक्टर, याच्या खाली जायचं नाही. शहरासाठी शेत घेतलं तर दुसरीकडे तेवढं तयार करायचं. आकडा राहतो, पण घेतलेली जमीन सपाट सुपीक आणि बदल्यात दाखवलेली डोंगर उतारावरची, असंही झालं. वहीत हेक्टर ला हेक्टर जुळलं की वरचा साहेब खूश.

आता सरकारच्या स्वतःच्या जमिनीकडे येऊ, कारण इथे दप्तराची किंमत सगळ्यात नागडेपणाने कळते. खासगी जमिनीवर निदान मालक लक्ष ठेवून असतो, सरकारी जमिनीचा मालक म्हणजे सगळे, म्हणजे कोणीच नाही. केनियात २००३ मध्ये न्दुंगू आयोग नेमला होता, बेकायदा वाटलेल्या सार्वजनिक जमिनीचा शोध घ्यायला. २००४ च्या अहवालात निघालं ते वाचवत नाही, जंगल, रस्त्यासाठी राखलेल्या पट्ट्या, शाळांची मैदानं, सगळ्यावर खासगी मालकीचे कागद निघालेले, आणि ते खोटे छापलेले नाहीत बरं का, सरकारी ऑफिसातूनच रीतसर सही-शिक्क्याने दिलेले. पुढे २०१० च्या राज्यघटनेत राष्ट्रीय भूमी आयोग वेगळा काढला तो याच अनुभवातून.

ब्राझीलने २०१२ च्या वनकायद्यात शेतजमिनींची पर्यावरण नोंदणी सक्तीची केली. कल्पना उत्तम, प्रत्येकाने आपली हद्द नकाशावर दाखवायची, त्यात जंगल किती राखलंय ते दाखवायचं, ॲमेझॉनच्या जंगलभागात ८० टक्के राखणं बंधनकारक. फक्त हद्द दाखवणार कोण, तर ज्याची तोच, ऑनलाइन. मालकीचा पुरावा नाही असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय, तरी लोकांनी सरकारी जंगलावर आपल्या नावाचे तुकडे आखून टाकले, एकमेकांवर चढलेले सुद्धा, आणि पावती दाखवून पुढे व्यवहार करायला लागले. तपासायला माणसं कमी, अर्ज लाखोंनी. मी असा डेटा नकाशावर पसरून बघितला की नेहमी पहिलं एकच करते, एकावर एक किती तुकडे पडतात ते मोजते. तो आकडा बाकी कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलतो.

याच्या दुसऱ्या टोकाला सिंगापूर. १९६६ च्या संपादन कायद्याने सरकारने इतकी जमीन घेतली की आज जवळपास नव्वद टक्के सरकारची आहे, आणि लोकांना सरकारी घरं ९९ वर्षांच्या लीजवर. मध्यंतरी बरीच वर्षं भरपाई १९७३ च्या किमतीला बांधलेली होती, पूर्ण बाजारभाव मिळायला लागला २००७ पासून, त्यामुळे यात ज्यांची गेली त्यांच्या पिढीला काय वाटलं असेल ते असेल. पण दप्तर मात्र चोख. २००१ मध्ये जमीन खातं, रजिस्ट्री आणि मोजणी खातं एकत्र करून एकच प्राधिकरण केलं. नंतर २०१५ मध्ये जमिनीखालचंही ठरवून टाकलं, एका ठरावीक पातळीच्या खाली ३० मीटरपर्यंत साधारणपणे मालकाचं, त्याखाली सरकारचं, म्हणजे बोगदे आणि गुहा खोदताना वर राहणाऱ्याशी वाद नको. हाँगकाँगमध्ये तर सगळी जमीन लीजवर, अपवाद फक्त एका चर्चचा, सेंट जॉन्स कॅथेड्रल, तेही चर्च म्हणून वापरेपर्यंतच.

रवांडाचं उदाहरण देणगीदार संस्था फार अभिमानाने देतात आणि खरंच अभिमानासारखं आहे. २००९ ते २०१३ या काळात जवळजवळ सगळा देश, एक कोटीच्या वर तुकडे, नोंदवून काढले. महागड्या यंत्रांनी प्रत्येक कोपरा मोजत बसले नाहीत. विमानातून काढलेले मोठे फोटो छापून गावात नेले, गावातल्याच पोरांना ट्रेनिंग दिलं, मालक आणि शेजारी दोघांना बांधावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर फोटोवर रेघ मारली. दोघांचं पटलं की पुढचा बांध. तुकड्याला काही डॉलर खर्च, बस्स. नवरा-बायको दोघांची नावं लागली, ही फार मोठी गोष्ट. पण मग नेहमीचंच. पुढे विकताना किंवा वाटणी करताना नोंद बदलायची तर फी, आणि ती तुकडा केवढाही असो एकच. ज्याच्याकडे दोन-चार गुंठ्यांएवढं रान आहे तो माणूस एवढी फी भरून फेरफार कशाला करेल? लोक साध्या कागदावर सह्या करून मोकळे व्हायला लागले. म्हणजे कोट्यवधी नोंदी ताज्या तयार झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शिळ्या व्हायला लागल्या. नवी नोंद करताना कौतुक, निधी, उद्घाटन सगळं असतं हो. फेरफाराचं उद्घाटन कोण करणार?

आणि हे गरीब देशांचंच दुखणं आहे असं वाटत असेल तर जपान बघा. तिथे १८७३ मध्ये जमीन कराची मोठी सुधारणा झाली तेव्हा गावोगाव नकाशे केले, बरेचसे गावकऱ्यांनीच मोजून, आणि कर कमी बसावा म्हणून क्षेत्र थोडं कमी दाखवणं हे तिथेही झालंच. आधुनिक मोजणी १९५१ पासून सुरू आहे आणि आज सत्तरहून जास्त वर्षांनी साधारण अर्धा देश झालाय. अर्धा! बाकी ठिकाणी रजिस्ट्री ऑफिसात अजून ते जुने नकाशे आहेत. टोकियोच्या मध्यात रोप्पोंगी हिल्सचा प्रोजेक्ट झाला तेव्हा नुसत्या हद्दी नक्की करण्यात चार वर्षं गेली.

पण खरा गोंधळ मालकीचा. जपानमध्ये वारस नोंद लावणं सक्तीचं नव्हतं. आजोबा गेले, शहरात राहणाऱ्या मुलांना डोंगरातल्या त्या जंगलाच्या तुकड्याचं करायचं काय, विकून पैसे येत नाहीत, नोंद करायला मात्र कर आणि कागदपत्र करून देणाऱ्याची फी. मग राहू दे. मुलं गेली, नातवंडं झाली, हक्कदार वाढत गेले आणि रजिस्टरमध्ये अजून आजोबांचंच नाव, कुठे कुठे तर पणजोबांचं. २०११ च्या त्सुनामीनंतर किनाऱ्यावरची गावं उंचावर हलवायची होती, पैसा होता, इच्छा होती, जागा बघून ठेवलेली, आणि मालक शोधता शोधता अधिकाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला. एका तुकड्याचे वारस डझनांनी, कोण कुठल्या शहरात, कोण परदेशात, एकाचीही सही राहिली तर घोडं अडलं. तेव्हा देशाचे डोळे उघडले. २०१७ मध्ये एका अभ्यास गटाने अंदाज काढला की मालक नीट सापडत नाही अशी जमीन २०१६ मध्ये सुमारे ४१ लाख हेक्टर होती. क्यूशू हे अख्खं बेट त्याहून लहान आहे. असंच चालू राहिलं तर २०४० पर्यंत ७२ लाख हेक्टर, म्हणजे जवळपास होक्काइडोएवढी.

यावर सरकारने काय केलं ते मला फार शिकण्यासारखं वाटतं, कारण त्यांनी पुन्हा एकदा सगळा देश मोजू अशी घोषणा केली नाही. त्यांनी रोजच्या नोंदीला हात घातला. २०१८ मध्ये कायदा करून मालक न सापडणारी जमीन ठरावीक वर्षांसाठी पार्क, दवाखाना अशा स्थानिक कामाला वापरायची वाट काढली. मग एप्रिल २०२४ पासून वारस नोंद सक्तीची, वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. आणि हे जुन्या वारसांनाही लागू, म्हणजे आजोबा केव्हाही गेलेले असोत. एप्रिल २०२६ पासून मालकाने पत्ता बदलला तरी दोन वर्षांत कळवायचं. दंड खरंच किती जणांना होणार यावर माझा भरवसा थोडा कमीच आहे, पण दिशा बरोबर आहे.

आणि ज्याला ती जमीन नकोच आहे त्याच्यासाठी एप्रिल २०२३ पासून वारशात आलेली जमीन सरकारला परत द्यायची योजना आहे. ऐकायला किती छान. आता अटी बघा, तिच्यावर इमारत नको, तारण नको, मातीत प्रदूषण नको, दुसऱ्या कोणाची वहिवाट नको, हद्दीचा वाद नको. प्रत्येक तुकड्याला तपासणीची फी १४,००० येन आणि मंजूर झालं तर वर साधारण २ लाख येन सरकारलाच भरायचे, पुढची दहा वर्षं ती जमीन सांभाळायचा खर्च म्हणून. म्हणजे जिच्या हद्दी स्पष्ट आहेत अशीच जमीन सरकार पदरात घेणार, आणि हद्दी स्पष्ट करायची मोजणी तर अर्ध्याच देशात झालेली.